सवाईचं माप

दिवाळी सरली तरी पाऊस सरला नव्हता. आंबेखारच्या खाडीकाठच्या खाचरांत राता, लाल दाण्याचं भात आडवं पडलं होतं, आणि लोंब्या पाण्यात बुडू नयेत म्हणून कलावती एका हाताने पेंढी वर धरून दुसऱ्या हाताने विळा ओढत होती. घोट्याएवढा चिखल. पाय काढला की चुळुक असा आवाज व्हायचा. तिच्या मागे चार पावलांवर शिवानी होती, तिची थोरली. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून तिने बारा दिवसांची रजा घेतली होती. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या तळव्यावरचे फोड फुटले, तेव्हा तिने ओढणी फाडून हात बांधला.

"राहू दे," कलावती मागे न बघता म्हणाली. "मी आटपीन."

"आटपशील. देवदिवाळीपर्यंत?"

कलावतीने पुढची पेंढी उचलली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि घाम पुसताना हात अजून सवयीने कुंकू चुकवून जात होता. गौरी-गणपती आटोपल्यावर आठव्या दिवशी तिचा नवरा सहदेव गेला होता. सकाळी बांधावर उभा राहिला, खाली बसला, आणि बसलेलाच राहिला.

दुपारी मितेश आला. शिवानीहून चार वर्षांनी लहान, माजिवड्याला एका बांधकामाच्या साईटवर सुपरवायझर. त्याने बूट बांधावर काढले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"ताई, एक विचारू? हे सगळं आपलं असतं तर मी काय बोललो नसतो. कोठीतलं भात आपलं नाय. गावाचं आहे. आपण फुकटचे वॉचमन."

"मग?"

"मग वाटून टाकू. चार घरं उरलीत. ज्याचं त्याला देऊ. आई सुटेल."

कलावती ताठ झाली. तिने कमरेवर हात ठेवला. "तुज्या आज्यानं गावदेवीसमोर शब्द दिलाय."

"आज्यानं दिला, बाबांनी पाळला. मला माप धरता येत नाय, आई."

"मी धरीन," शिवानी म्हणाली.

मितेशने तिच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. विळा घेऊन तो शेवटच्या कोपऱ्यात उतरला.

कोठी म्हणजे सहदेवच्या घराची मागची खोली. सागाच्या जाड फळीचं दार आणि आत कुडाच्या दोन कणग्या. राता भाताचं बी तिथेच राहायचं, कारण ते दुकानात मिळत नाही, आणि खाऱ्या पाण्याच्या जमिनीत दुसरं काही तगत नाही. ज्येष्ठात बी न्यायचं, झोडणी झाली की परत आणायचं. सोळा पायल्या नेल्या तर वीस आणायच्या. सवाई. हा आकडा कोणी कधी बदलला नव्हता. वरच्या चार पायल्यांतून उंदीर, ओल, नासाडी भागायची, आणि एखाद्या वर्षी खारं पाणी बांध फोडून आत आलं तर गावाला दुसऱ्यांदा पेरायला बी उरायचं. देवदिवाळीपर्यंत परतभरणा झाला नाही तर कोठी वाटून टाकायची, असाही शब्द होता. तशी वेळ आजवर आली नव्हती.

झोडणीला तीन दिवस गेले. उताराच्या खडकाळ जागेवर शेण सारवून खळं केलं. आडव्या फळीवर पेंढ्या आपटताना शिवानीच्या खांद्यातून कळ मानेपर्यंत जायची. शेजारच्या खळ्यावर गोविंदा आणि त्याची बायको शालू. गोविंदा थोडा वेळ बघत राहिला.

"अगं, पेंढ्यान काय गुन्हा केलाय? भात झोड, पेंढा नको झोडू."

"शिकतेय, काका."

"शिक, शिक. ऑफिसात मिलत नाय हे शिकायला." पण जाता जाता त्याने तिची पेंढी हातात घेतली, मनगट कसं सैल सोडायचं ते दोनदा दाखवलं, आणि आपल्या खळ्यावर परत गेला.

परतभरण्याचा दिवस आला. अंगणात ताडपत्री पसरली. शिवानीने बाबांची पायली धुऊन पुसून ठेवली होती. रुंद तोंडाचं, काठाला घासून पांढरं पडलेलं लोखंडी माप. मितेश मोबाईल घेऊन मोजायला बसला. गोविंदाने दोन पोती उतरवली, शालूने तोंड सोडलं.

शिवानीने पायली भातात खुपसली आणि भरून उचलली. तिला वाटलं, बाबांच्या मागे पहिलं माप आहे, कमी नको. वरून तिने आणखी एक ओंजळ टाकली. भाताचं टोक उभं राहिलं आणि चार दाणे कडेने घरंगळले.

"एक," मितेश म्हणाला.

शालूने पदर तोंडाला लावला. गोविंदा मापाकडे बघत राहिला. शिवानीने दुसरं माप भरलं. तेही तसंच, भरभरून.

"दोन."

सातव्या मापाला शालूने तोंड उघडलं. "सहदेवभावजी गेले नि सावकार परत आला म्हनायचा."

"म्हणजे काय, काकी?"

"काय नाय. भर तू."

विसाव्या मापाला दुसऱ्या पोत्याचा तळ दिसला. गोविंदाने रिकामं पोतं झटकलं आणि खांद्यावर टाकलं. त्याचा आवाज चढला नव्हता. "शिवानी, आमचं भरलं. पुढच्या साली आमच्यासाठी नको ठेवू. देवदिवालीला वाटप होऊन जाऊ दे."

"काका, वीसच घेतले. मोजलेत ना."

"मोजले ना. तुज्या भावान एकपासून मोजले." तो हसला, पण ते हसू तिच्यासाठी नव्हतं. "चल गं."

अंगणाच्या टोकाला चिंचेखाली म्हातारा दगडू उभा होता. तो कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं. काठी टेकत तो त्यांच्यामागून निघून गेला.

कलावती ओट्यावर बसून सगळं बघत होती. मितेश पायली उचलायला गेला तेव्हा ती म्हणाली, "ठेव तिथंच."

"माझं काय चुकलं ते तरी सांग," शिवानी म्हणाली.

"घेताना तुजा बापूस वरून हात फिरवायचा. असा." कलावतीने हवेत पालथा हात सपाट ओढला. "काठावरची शीग खाली पाडायचा. ती ज्याची त्याच्या पोत्यात."

"आणि देताना?"

"देताना दार लोटलेलं असायचं. बी देताना कोनाची नजर पडू नये. आत तो आनि मोजायला दगडूबाबा. मी पन नाय." तिने चिंचेकडे मान वळवली. "तू दगडूबाबाला बोलवलं नाहीस."

दगडूचं खोपटं खाडीच्या बांधाला लागून होतं, जुन्या मिठागराच्या पडक्या चौथऱ्याजवळ. ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते आणि पलीकडच्या तीरावर नवे मनोरे, अर्ध्याअर्ध्या मजल्यांवर हिरवी जाळी. दगडू जाळं विणत बसला होता. त्याने तिला बस म्हटलं नाही. ती आपणच बसली.

"चुकलं, बाबा. बोलवायला हवं होतं."

"पहिल्या मापाला एक म्हनत नाय," तो जाळ्याकडे बघत म्हणाला. "लाभ म्हनतात. लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की भात एकटं पडतं."

"बाबा देताना कसं भरायचे?"

दगडूने सुई थांबवली. त्याने उजव्या हाताची चार बोटं आडवी जुळवून तिच्यापुढे धरली.

"यंदा चार. काठाच्या वर चार बोटं शीग. हात थरथरत होता त्याचा, तरी पाडली नाय. घेताना सपाट. तू काय केलंस? घेताना शीग लावलीस. जुना सावकार असाच घ्यायचा. सपाट द्यायचा नि शीग लावून घ्यायचा. सवाई तो पन म्हनायचा."

"दर वर्षी चार?"

"नाय गं. तूच तर सांगायचीस त्याला."

"मी?"

"बँकेतला आकडा कोन आनायचा? तू तिसरीत होतीस, डोंबिवलीच्या बँकेतून तलहातावर लिहून आनलास. तेरा. त्या साली शीग नाय. देताना सपाट, घेताना सपाट. मी कुरकुरलो. तो बोलला, बँकच तेरा देते, पैसा महाग झालाय, मी कोठी फुंकून देऊ काय? मग आकडा उतरला तसा एक बोट. मग दोन. एका साली तीन केली नि पुढच्या साली परत दोन, आकडा परत चढला म्हनून." दगडूने बोटं मिटली. "मला वाचता येत नाय. बोटं कलतात."

शिवानी उठली. दोन पावलं जाऊन ती मागे वळली. "देवदिवाळीला याल?"

"लाभ म्हनायला कोनी बोलवलं तर येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मितेशने साईटच्या भंगारवाल्याकडून वजनकाटा आणला. शिवानीने पायली भरली, हात फिरवला, आणि भात घमेल्यात ओतून तोललं. दोन किलो चारशे. मग पुन्हा भरली. वरून हळूहळू भात सोडत गेली. तिसऱ्या बोटापर्यंत टोक सहज चढलं. चौथ्याला दोनदा ढासळलं. तिसऱ्यांदा तिने श्वास धरला आणि दाणे चिमटीतून सोडले, तेव्हा राहिलं. दोन किलो साडेआठशे.

"वरची शीग साडेचारशे ग्रॅम," मितेश म्हणाला. "मग काय झालं?"

ती जमिनीवर उकिडवी बसली आणि काडीने ओल्या मातीवर आकडे काढले. सोळा पायल्या चार बोटं शीग लावून दिल्या. वीस सपाट घेतल्या. गेलं साडेपंचेचाळीस किलो आणि थोडं. आलं अठ्ठेचाळीस. तिने पुन्हा मांडलं. मग भावाकडे वर पाहिलं.

"सवाई नाही, मितेश. शंभराला सव्वापाच."

"आणि शीग नसली तर?"

"पंचवीस. दोन बोटं लावली तर चौदाच्या आसपास. आणि मी काल घेतलं तसं घेतलं, सपाट देऊन आणि शीग लावून, तर जवळपास अठ्ठेचाळीस."

"एकाच पायलीत?"

"एकाच पायलीत. शब्द सवाईच."

 शिवानी उठून कोठीच्या दाराशी गेली.

त्या दारावर खिळे होते. लहानपणापासून होते. आई त्यांवर रिकामी पिशवी अडकवायची, मितेशने एकदा कोपर फाडून घेतलं होतं. दोन जातींचे खिळे. एक साधे, गंजून लाल झालेले. दुसरे चपलेचे काळे चुके. दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बोट-बोट अंतरावर, कुठे वर, कुठे खाली. बाबांना हात रिकामा ठेवता येत नाही, एवढंच तिला वाटत आलं होतं.

तिने दाराच्या आडव्या पट्टीपासून बोटांनी मोजायला सुरुवात केली. एका टक्क्याला एक बोट. बिजागरीपासून सहाव्या ठिकाणी लाल खिळा तेरा बोटांवर होता. तिची तिसरी. घामाने ओला झालेला तळवा, पुसट होत चाललेली निळी शाई, आणि बाबा खांद्यावर घेऊन म्हणाले होते, "जवलचा किती नि लांबचा किती, दोन्ही सांग." जवळचा म्हणजे वर्षाच्या ठेवीवरचं व्याज. लांबचा म्हणजे पाच वर्षांच्या ठेवीवरचं. पुढे ती ठाण्याला गेली तरी दर अक्षय तृतीयेला फोन यायचा. यंदा ती मीटिंगमध्ये होती. दारामागे जाऊन, आवाज दाबून तिने सांगितलं होतं, "पावणेसात आणि साडेसहा. बाबा, तुमची एक तरी ठेव आहे का हो?" ते हसले होते. "नाय. तरी असू दे."

लाल खिळे जवळचे. काळे लांबचे.

ती दारापासून मागे सरकली, आणखी मागे, अंगणाच्या मध्यापर्यंत. आता खिळे सुटे दिसेनात. दोन ओळी दिसू लागल्या. लाल ओळ तेरावरून उतरत, एका ठिकाणी पाचाच्या जवळ टेकून, पुन्हा चढून नवावर, पुन्हा उतरून पाचावर आणि परत वर. काळी ओळ तिच्या सोबत होती, पण तिच्यासारखी धावत नव्हती. लाल खाली कोसळली तिथे काळी सावकाश उतरली होती आणि दोघींत तीन बोटांची फट पडली होती. लाल उसळली तिथे काळी जागची फारशी हलली नव्हती, आणि लाल तिला ओलांडून वर निघाली होती. खाडीच्या तोंडाशी पाणी चढतं तेव्हा आतल्या मिठागरात ते उशिरा चढतं, आणि तोंडाशी ओहोटी लागली तरी आतलं काही वेळ तसंच उभं असतं, तसं.

 पुस्तकात तिने हे वाचलं होतं, कागदावर, रंगीत रेघांत. घराच्या दारावर ते पस्तीस वर्षं उभं होतं.

"मितेश, दगडूबाबांकडे जा. विचार, कुठल्या साली किती बोटं. त्यांना साल नाही सांगता येणार. लग्नं, पूर, कोण कधी मेलं, त्यावरून विचार."

मितेश दोन तासांनी आला. सिगारेटच्या पाकिटावर त्याने उभ्या रेघा ओढल्या होत्या. एकेक साल त्यांनी दाराशी जुळवलं. लाल उंच तिथे शीग नाही. लाल खाली तिथे शीग उंच. पण सगळीकडे तसं नव्हतं. चार ठिकाणी लाल अजून वरच होती, तरी बाबांनी शीग वाढवली होती. शिवानी त्या चार ठिकाणी बोट ठेवत गेली. चारही ठिकाणी काळा खिळा लालच्या खाली होता. आणि चारही ठिकाणी पुढच्या एक-दोन वर्षांत लाल कोसळली होती.

"आधीच कसं कळलं?" मितेशचा आवाज उतरला होता.

"लांबच्या ठेवीला जवळच्यापेक्षा कमी व्याज मिळायला लागलं की बँकेलाच वाटत असतं, पुढे पैसा स्वस्त होणार. बाबा बँकेच्या आधी पोचले." तिने शेवटच्या दोन खिळ्यांवर हात ठेवला. लाल पावणेसात. काळा साडेसहा, अगदी खाली चिकटून. शीग चार बोटं. सव्वापाच. "पहिल्या सालांत बँकेच्या दुप्पट घेत होते ते. तेव्हा चाळीस घरं होती, आणि गावात दुसरं देणारा सावकारच होता. घरं कमी होत गेली तसं अंतर कमी करत आले. यंदा बँकेच्याही खाली गेले."

"कोणाला बोलले नाय."

"सवाईचा शब्द मोडायचा नव्हता ना."

कलावती केव्हाची दारात उभी होती. तिने पुढे होऊन एका लाल खिळ्यावरची पिशवी काढली आणि घडी घालून काखेत धरली. परत ती तिथे अडकवली नाही.

देवदिवाळीला ऊन स्वच्छ पडलं. गावदेवीला नारळ फोडून चारही घरं अंगणात आली. गोविंदा येणार नव्हता, शालूने ओढून आणला होता. तो कडेला, चिंचेच्या मुळावर बसला. वाटपासाठी त्याने रिकामं पोतं आणलं होतं.

शिवानीने कणगीतून दोन पोती काढून ताडपत्रीवर ठेवली. "गोविंदा काका, तुमची आहेत ही. परवा चुकीचं घेतलं. पुन्हा मोजायची आहेत."

"एकदा घेतलेलं परत मोजत नाय कोनी."

"मग मी पहिली."

कोणीतरी खोकलं. दगडू काठी बाजूला ठेवून ताडपत्रीच्या कडेला मांडी घालून बसला. त्याने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

शिवानीने पायली भरली. तळव्यावरची फोडांची कातडी आता टणक झाली होती. तिने डावा हात कडेला टेकला आणि उजवा पालथा करून काठावरून ओढला. सावकाश, एका दमात. शीग सरकली, मोडली आणि गोविंदाच्या पोत्यात सरसरत परत पडली. माप काठाशी सपाट राहिलं, पाण्यासारखं.

गोविंदा मुळावरून उठला होता. तो मापाकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होता.

दगडूने आवाज लावला. म्हातारा आवाज, पण अंगणभर गेला.

"लाभ."

विसावं माप झालं तेव्हा पोत्यात नऊ किलोच्या आसपास भात उरलं होतं. शालूने ते पदरात घेतलं नाही. तिने पोत्याचं तोंड बांधलं आणि गोविंदाकडे पाहिलं. गोविंदाने बरोबर आणलेलं रिकामं पोतं उचललं, दोनदा झटकलं आणि चौकोनी घडी करून कोठीच्या उंबऱ्याजवळ, ज्येष्ठात बी न्यायला लागणाऱ्या पोत्यांच्या ढिगावर, ठेवलं.

"ज्येष्ठात किती बोटं?" त्याने हळूच विचारलं, दगडूला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

शिवानी चमकली. त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, इतकी वर्षं, लोटलेल्या दाराबाहेर उभं राहून.

"अक्षय तृतीयेला बँकेतली पाटी बघून येते," ती म्हणाली. "जवळचा आणि लांबचा."

गोविंदाने मान हलवली आणि पुढच्या घराच्या पोत्याचं तोंड सोडायला वाकला. शिवानीने पायली पुन्हा भातात घातली.